दोन किल्ल्यांचे कुलूप

मी एक जुने कुलूप आहे, आणि मित्रांनो, कुलपाला जे मुळीच शोभत नाही ते माझ्या नशिबी आले. माझी कित्येक वर्षे उघडे राहण्यात गेली. तुम्ही माझ्या शेजारून रोज कॉलेजात जाता. कोणी मला जाता जाता टिचकी मारतो, कोणी ओला रुमाल अडकवतो, परवा तर एकाने माझ्यावर छत्री टांगली आणि तास संपल्यावर ती तिथेच विसरून गेला. मी कधी तक्रार केली नाही. 'तोंडाला कुलूप लावणे' हा वाक्प्रचार ज्यांच्यावरून निघाला, त्यांच्या कुळातला मी. पण गेल्या आठवड्यात मोठ्या दारावर कार्ड दाखवले की उघडणारे यंत्र बसवायला माणसे आली आणि त्यांच्यातला एक म्हणाला, "हे भंगार काढून टाका आधी." तेव्हा म्हटले, आता बोलायलाच हवे.

माझा जन्म एका बोळाच्या टोकाला, लांबट आणि अंधाऱ्या दुकानात झाला. माझ्या कारागिराला बोलण्याची सवय कमी आणि शिव्या देण्याची जास्त. माणसांना मात्र तो कधी शिवी देत नसे, फक्त लोखंडाला देई. एका दुपारी त्याच्याकडे थोरले पाळक आले. आमच्या पंथात प्रार्थना चालवणाऱ्याला पाळक म्हणतात आणि प्रार्थनेला जमणाऱ्या सगळ्या लोकांना मिळून मंडळी म्हणतात. हा 'मंडळी' शब्द ध्यानात ठेवा. त्याने पुढे भल्याभल्यांच्या तोंडाला फेस आणला.

"दोन किल्ल्यांचं कुलूप हवंय," पाळक म्हणाले.

"एक हरवली तर दुसरी. सगळ्याच कुलपांना देतो आम्ही."

"तसं नाही. दोन्ही किल्ल्या एकदम लावल्याशिवाय उघडता कामा नये. आणि बंदही होता कामा नये."

कारागिराने कानस खाली ठेवली. "बंद करायलाही दोन? पाळकसाहेब, तुम्हाला कुलूप करायचंय की लग्न लावायचंय?"

पाळक मोठ्याने हसले. "दोन्ही म्हणा. आम्ही कॉलेज काढतोय. कॉलेज मंडळीचं. एक किल्ली मंडळीकडे राहील, एक प्राचार्यांकडे. मंडळीला शिकवता येत नाही आणि कॉलेजला मंडळीवाचून उभं राहता येत नाही. तेव्हा रोज सकाळी दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलंच पाहिजे."

कारागिराने मला बनवताना लोखंडाला इतक्या शिव्या दिल्या की माझे कान तेव्हाच किटले. माझ्या पोटात खटक्यांचे दोन संच बसवायचे आणि एकाने दुसऱ्याला अडवून धरायचे, हे काही सोपे काम नव्हते. पण शेवटी मी जमलो. पितळेचे जाड अंग, बोटाएवढी दांडी, उजवीकडे मंडळीच्या किल्लीचे भोक, डावीकडे कॉलेजच्या. मला हवाली करताना तो म्हणाला, "अधूनमधून दोन्ही भोकांत थेंबभर तेल सोडा. आणि चालवत राहा. न चालवलेलं कुलूप रुसतं."

मग सुरू झाले माझे सुखाचे दिवस. सकाळी उजवीकडून पाळक यायचे, डावीकडून प्राचार्य. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, कारण त्याशिवाय दोन्ही हात माझ्यापर्यंत पोचायचेच नाहीत. खट्, खट्, असे दोन आवाज आणि मी मोकळा. पाळक बदलले, प्राचार्य बदलले, पण रीत बदलली नाही. त्यांची भांडणे काय कमी व्हायची? प्रयोगशाळेत बेडूक फाडावेत की नाही यावरून एका प्राचार्याने आणि एका पाळकाने आख्खी सहामाही एकमेकांशी अबोला धरला होता. तरी सकाळी यावे लागेच. अबोल्यातच एकदा पाळकांना सटासट शिंका आल्या, प्राचार्यांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि तिथेच अबोला संपला. पाहुणे आले की त्यांना आधी मला दाखवत. एका वर्तमानपत्रवाल्याने माझा फोटो काढला होता. त्या दिवशी मी किती चकाकत होतो म्हणून सांगू!

ज्यांच्यामुळे पुढचे सगळे घडले त्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या, आणि आवाज असा की वर्गात बोलल्या तर रस्त्यावरचा माणूस वळून बघावा. त्या गणितात पहिल्या आल्या, इथेच शिकवायला लागल्या आणि यथावकाश प्राचार्य झाल्या. माझी डावी किल्ली त्यांच्या पर्समध्ये खडूच्या तुकड्यांबरोबर राहू लागली, त्यामुळे माझ्या पोटात नेहमी थोडी पांढरी भुकटी असे.

दारावर पहारेकरी होता. त्याला सगळे जनरल म्हणायचे, कारण तो कधीही लष्करात नव्हता आणि तरी सगळ्यांना हुकूम सोडायचा. नव्या पोरांना तो सांगे, "हे कॉलेज मंडळीचं आहे, समजलं? माझं घरही मंडळीचंच आहे. मी फक्त पगार आणून देतो." त्याच्या घरात मंडळी म्हणजे त्याची बायको. तुमच्या आजोबांना विचारा, जुनी माणसे बायकोला असेच म्हणायची. विनोद तोच आणि तसाच, पण जनरल दर वर्षी नव्याने हसायचा.

या सुखाला दृष्ट लागली ती पंथाचे नवे अध्यक्ष निवडून आले तेव्हा. अध्यक्ष म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर. त्यांना वाईट माणूस म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. याच पायऱ्यांवर त्यांच्या वडिलांनी दगड वाहिले होते आणि याच दारातून ते स्वतः शिकून बाहेर पडले होते. त्यांना मनापासून वाटे की कॉलेज पंथापासून दूर चालले आहे. सकाळच्या प्रार्थनेला मोजकी डोकी असतात, शिक्षक बाहेरचे येतात, उद्या कॉलेज पंथाला ओळखही दाखवणार नाही. म्हणून त्यांनी ठरवले की यापुढे कॉलेजचे नियामक मंडळ पंथ नेमेल आणि शिक्षक पंथातलेच असतील. कॉलेजच्या मंडळाने काय करावे? त्यांनी घाईघाईने सभा घेऊन नियमच बदलला, की यापुढे आमची माणसे आम्हीच निवडू, पंथाला विचारणार नाही. एकाने ओढले म्हणून दुसऱ्याने हिसडा दिला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथे दोन्हीकडे शहाणेच फार होते. अध्यक्षांनी दावा लावला.

बाईंचे यजमान, म्हणजे अध्यक्षांचे थोरले भाऊ, मधल्या मध्ये सापडले. घरात जेवताना मीठ मागण्यापलीकडे त्यांनी तोंड उघडणे बंद केले, असे बाई जनरलला सांगत असत.

एका संध्याकाळी दार बंद करायच्या वेळी उजवीकडून पाळकांऐवजी अध्यक्ष स्वतः आले. त्यांच्या हातात मंडळीची किल्ली होती.

"वहिनी, आजपासून ही माझ्याकडे. लावू या कुलूप."

बाईंनी किल्ली काढली होती, ती हातातच राहिली. "आणि उद्या सकाळी?"

"उद्याचं उद्या. मी येईनच असं नाही. निकाल लागेपर्यंत बंद राहिलं तर कॉलेजचं काय बिघडतं?"

काय बिघडते ते बाईंना पक्के ठाऊक होते आणि मलाही. दार बंद राहिले तर मुले वाट बघत बसणार नाहीत, दुसरीकडे जातील. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. मुले गेली की मान्यता जाते, मान्यता गेली की मग निकाल कुणाच्याही बाजूने लागो, उरतात फक्त भिंती. मी तर जन्माला आलो तेव्हापासून एवढे एकच गणित शिकलो होतो: मी बंद असलो तर एकाच्या नकाराने बंद राहतो, आणि उघडा असलो तर एकाच्या नकाराने उघडा.

बाईंनी किल्ली पर्समध्ये परत टाकली आणि पर्सची चेन ओढली.

"मी नाही लावत."

"म्हणजे?"

"बंद करायला दोन लागतात, भाऊजी. माझी फिरणार नाही."

"दार उघडं टाकणार? एवढ्या सामानासकट?"

"टाकणार कशाला? राखणार. जनरल, माझी खुर्ची आणा बघू. आणि तपासायचे पेपर."

बाई उंबऱ्याला लागून खुर्ची टाकून बसल्या आणि पेपर तपासू लागल्या.  अध्यक्ष किल्ली खिशात घालून निघून गेले. त्या दिवसापासून शिक्षकांनी पाळ्या लावल्या. दाराशी कोणी ना कोणी बसलेले असे, आणि सकाळी वेळेवर तास सुरू होत. मी कोयंड्यात तोंड उघडे टाकून लटकत होतो. लाज वाटत होती, खोटे कशाला बोलू? कुलपाने असे सगळ्यांदेखत आ वासून बसायचे म्हणजे काय?

पुढे जे घडले ते ऐकून मला माझ्या उघडेपणाचा पहिल्यांदा अभिमान वाटला. कोर्टात अध्यक्षांच्या वकिलांनीच अर्ज केला की निकाल लागेपर्यंत परिस्थिती 'जैसे थे' ठेवावी, कोणी काही बदलू नये. अध्यक्षांनी वकिलांना एवढेच सांगितले होते की किल्ली माझ्या खिशात आहे. वकिलांनी समजून घेतले की किल्ली खिशात म्हणजे कॉलेज खिशात. दार उघडे आहे की बंद, हे विचारण्याची दोघांनाही गरज वाटली नाही. बाईंचे वकील विरोध करायला उठत होते, तर बाईंनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवले. न्यायाधीशांनी आदेश दिला: जैसे थे.

दुसऱ्या दिवशी कोर्टाचा माणूस पाहणी करायला आला. जाड चष्म्याचा, शांत, आणि शब्दाला पक्का. अध्यक्ष त्याच्याबरोबर आले ते पिशवीत एक कोरे चकचकीत कुलूप घेऊनच.

"हे आता बंद करून घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "जैसे थे म्हणजे नेहमी जसं असतं तसं. बंद."

"आदेश काल दुपारी झाला," कोर्टाचा माणूस म्हणाला. "काल दुपारी कुलूप कसं होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आणखी काय सांगणार? जनरल मात्र टाच आपटून पुढे आला. "उघडं, साहेब. आणि आत तास चालू होते."

"मग उघडंच राहील. तासही चालू राहतील."

"मी हे नवं लावतो," म्हणत अध्यक्षांनी पिशवीत हात घातला.

"काल हे होतं का?"

"नव्हतं."

"मग ठेवा पिशवीत."

त्याने माझ्या उघड्या दांडीला सुतळी बांधली, तिच्यावर लाख ओतून मोहर उठवली आणि सगळ्यांना बजावले की कुलपाला हात लावायचा नाही, हलवायचे नाही, आत काही घालायचे नाही. स्वतःच्याच अर्जाने स्वतःचे हात बांधून घेतलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. जनरलला हसू आवरेना, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मित्रांनो, इथून माझे हाल सुरू झाले. दावा म्हणजे भिजत घोंगडे. एका कोर्टातून दुसऱ्यात, तिथून वरच्यात. मी पावसात भिजायचो, उन्हात तापायचो. माझ्या डाव्या भोकात कोळ्याने घर केले. पितळ काळवंडले, पोटातल्या खटक्यांना गंज चढू लागला. जनरलला माझी दया आली, म्हणून एकदा त्याने शिलाई मशिनच्या तेलाची बाटली आणली. नेमके तेव्हाच अध्यक्षांच्या बाजूच्या कोणीतरी पाहिले. झाले! आदेशाचा भंग झाला म्हणून अर्ज, त्यावर उत्तर, त्यावर युक्तिवाद. कुलपात तेल घालणे म्हणजे परिस्थिती बदलणे की राखणे, यावर मोठमोठे वकील घसा कोरडा करत होते. अध्यक्षांचे वकील म्हणाले की तेल घातले तर कुलूप आदेशाच्या दिवशी होते त्याहून सैल होईल. कोर्टाने वैतागून सांगितले, थेंबसुद्धा नको. घोटभर तेलासाठी मी तळमळत राहिलो.

पण कॉलेजचे मात्र उलटेच झाले. बाई एक दिवस शिक्षकांना दारातच म्हणाल्या, "दार बंद करायला बंदी आहे ना? मग उघड्या दाराचं काहीतरी करू या. संध्याकाळी हे वर्ग नुसतेच ओस पडलेले असतात." आणि दिवसभर काम करणाऱ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग निघाले. शिंपी आला, बसचा वाहक आला, दवाखान्यातल्या परिचारिका गणवेश न बदलता आल्या. नातवंडे झालेला एक रंगारी आला, त्याच्या बोटांचा रंग माझ्या दांडीला अजून थोडा लागलेला आहे. ज्यांना कधी हे दार उघडे सापडलेच नव्हते, ती माणसे माझ्या शेजारून वर्गात जाऊ लागली. तेव्हा मी मनाशी ठरवले की गंजून चुरा झालो तरी चालेल, पण या लोकांवर मी बंद होणार नाही.

इकडे कोर्टात 'मंडळी' शब्दाचा कीस पाडणे चालू होते. कॉलेज मंडळीचे, हे दोघांनाही मान्य. पण मंडळी कोण? अध्यक्षांचे वकील म्हणत, मंडळी म्हणजे पंथ आणि पंथ म्हणजे पंथाचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी. बाईंचे वकील म्हणत, मंडळी म्हणजे जमलेली माणसे, आणि माणसे तर कॉलेजात जमतात. जनरल म्हणे, "मला बोलवा साक्षीला. मी सांगतो मंडळी म्हणजे कोण." त्याला कोणी बोलावले नाही.

अशाच एका संध्याकाळी दाराशी एक रिक्षा थांबली आणि अध्यक्षांची बायको उतरली. म्हणजे बाईंच्या धाकट्या जाऊबाई. भांडण लागल्यापासून त्या या बाजूला फिरकल्या नव्हत्या. बाई उंबऱ्याशी उभ्या होत्या, त्यांना वाटले निरोप घेऊन आली असेल.

"काय म्हणतायत भाऊजी?"

"त्यांना माहीतच नाही. ताई, माझं दुसरं वर्ष राहिलं होतं. लग्न ठरलं आणि सुटलं. आता घेता का मला?"

बाईंनी त्यांचा हात धरला. "अगं, तुला कोण नाही म्हणणार? पण घरी भडका उडेल."

"उडू दे. कॉलेज मंडळीचं आहे असं ते सगळ्या जगाला ओरडून सांगतात. मग मी त्यांची मंडळीच की!"

जनरल इतका हसला की त्याची टोपी पडली. इतकी वर्षे तो सांगत असलेला विनोद दुसऱ्या कोणी तरी सांगितला होता, आणि त्याच्याहून चांगला. घरी भडका उडाला की नाही ते मला कळले नाही. जाऊबाई मात्र रोज येत राहिल्या. येताना माझ्याकडे बघून पदराने माझ्यावरची धूळ झटकावी असे त्यांना वाटे, पण हात पुढे करून त्या मागे घेत.

अखेर वरच्या कोर्टाचा निकाल लागला. कॉलेज पंथाचे. अध्यक्षांनी ताबा घ्यावा आणि 'जैसे थे'चा आदेश संपला. बाई हरल्या. जनरल जिन्याखाली जाऊन रडला. बाई रडल्या नाहीत. त्यांनी ठरलेला तास घेतला, फळा पुसला, आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या, कारण अध्यक्ष त्यांच्या माणसांना घेऊन येत होते. दिवस मावळायला आला होता, संध्याकाळच्या वर्गाची माणसे जमू लागली होती.

"या भाऊजी. ताबा घ्या. कोर्टाचा मान मी राखणार. खोल्या बघून घ्या, ग्रंथालय मोजून घ्या, माझी खुर्ची घ्या. एकच मागते, दार बंद करू नका."

"नवं मंडळ बसेपर्यंत बंद राहील, वहिनी. सगळं पहिल्यापासून नीट लावायचंय. वर्षभर लागेल."

"वर्षभरात ही माणसं कुठे जातील?"

"मला हौस नाही हो. पण एवढं लढून मी दार तसंच ठेवलं तर लोक म्हणतील, मिळवलं काय? किल्ली लावा."

सगळे थांबले होते. शिंपी, वाहक, परिचारिका, रंगारी. बाईंनी पर्समधून किल्ली काढली. त्या शब्द मोडणाऱ्या नव्हत्या. दार ओढण्याआधी मी चालतो का ते पाहायला अध्यक्षांनी सुतळी तोडली आणि माझी दांडी खाली दाबली. खांद्याला खांदा लावून दीर-भावजय माझ्यासमोर उभे राहिले आणि दोन्ही किल्ल्या माझ्या पोटात आल्या.

मित्रांनो, खरे सांगतो. गंज होता, पुष्कळ होता. तरी अंग चोरले नसते तर कदाचित मी फिरलो असतो. कारागिराने मला भक्कम बनवले होते. पण मी जो निश्चय केला होता तो आठवला, आणि होते नव्हते तेवढे बळ एकवटून मी घट्ट राहिलो. बाईंची किल्ली अडली. अध्यक्षांचीही अडली. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. त्यांच्या कपाळाची शीर फुगली. मी तसूभर हललो नाही.

"तेल घालायला हवं होतं," जनरल मागून म्हणाला. "आम्ही घालणार होतो, साहेब. पण तुमच्याच वकिलांनी..."

"गप बस!"

"नवं कुलूप आणू का, साहेब?" अध्यक्षांच्या माणसांपैकी एकाने विचारले. "गाडीत आहे ते जुनं. म्हणजे नवंच, पिशवीतलं."

"आण."

तो गाडीकडे पळाला. एवढ्यात जाऊबाई आल्या. हातात पुस्तके, खांद्याला पिशवी. पायरीवरची गर्दी त्यांनी पाहिली, नवरा पाहिला, मला पाहिले.

"अहो, जरा बाजूला व्हा. तास सुरू होईल माझा."

अध्यक्ष नकळत बाजूला झाले. नवऱ्याला बायको जेव्हा त्या आवाजात सांगते तेव्हा तो आधी बाजूला होतो आणि विचार मागाहून करतो. जाऊबाई उंबरा ओलांडून आत गेल्या. त्यांच्यामागून शिंपी गेला, वाहक गेला, परिचारिका गेल्या, रंगारी गेला. बाई सगळ्यांच्या शेवटी गेल्या. जाताना त्यांनी आपली किल्ली माझ्यातच राहू दिली. दारासमोरच्या वर्गातून त्यांचा आवाज आला. त्या हजेरी घेत होत्या. एकेक जण उत्तर देत होता, आणि मग ओळखीच्या आवाजात एक "हजर" आले. दारात उभ्या असलेल्या माणसाने ते ऐकले.

गाडीकडे गेलेला धावत परत आला. "हे घ्या साहेब, कुलूप."

अध्यक्षांनी ते हातात घेतले. किती चकचकीत होते ते अजून! त्यांनी कुलपाकडे पाहिले, वर्गाकडे पाहिले, आणि वडिलांनी वाहिलेल्या दगडांच्या पायरीवर खाली बसले.

"साहेब, लावायचं ना?"

"कसं लावू?" अध्यक्ष म्हणाले. "आत मंडळी बसलीय."

कोर्टात वर्षानुवर्षे ज्याचा कीस पाडला त्या शब्दाचा अर्थ काय, हे त्यानंतर कोणी कोणाला विचारले नाही. जनरल या वेळी हसला नाही. त्याने आतून अध्यक्षांसाठी पाण्याचा तांब्या आणला.

ताबा पंथाकडे गेला, निकाल तसाच राहिला. पण नव्या मंडळात अर्धी माणसे कॉलेजने सुचवलेली घ्यायचे अध्यक्षांनी आपण होऊन ठरवले, आणि शिक्षकांना पंथ विचारायचा नाही हेही. बाई निवृत्त होईपर्यंत प्राचार्यच राहिल्या. सकाळची प्रार्थना आता अध्यक्ष स्वतः चालवतात, आणि संध्याकाळच्या वर्गातली माणसे वेळ काढून तिला येतात.

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी दीर-भावजय तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे आले. अध्यक्षांनी स्वतः कापसाने माझी भोके पुसली, कोळ्याचे उरलेसुरले जाळे हलक्या हाताने काढले, दोन्हीकडे तेल सोडले. आहाहा, मित्रांनो! त्या थेंबांची चव काय वर्णावी! मग त्यांनी मला दारातून काढले आणि बाजूच्या नुसत्या कोयंड्यात अडकवून दोन्ही किल्ल्या फिरवल्या. खट्, खट्. तेव्हापासून मी बंद आहे आणि काहीही बंद करत नाही. दार माझ्या शेजारून मोकळे ये-जा करते. एक किल्ली पाळकांकडे आहे, एक प्राचार्यांकडे.

तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरातली, शाळेतली जुनी कुलपे चालवत जा, त्यांना वेळेवर तेल घाला, माणसांच्या नात्यांनाही घाला. आणि किल्ली हातात आली म्हणजे घर हातात आले, असे कधी समजू नका. राहता राहिले ते कार्डाचे यंत्र. ते खुशाल बसवा, मला त्याचा हेवा नाही. मला भंगारात टाकायचे असेल तरी टाका. मात्र मला काढायला एकट्याने येऊ नका. दोघांनी मिळून या. एकट्यासाठी मी उघडत नाही.